विंडोज नेमकी कुठे अडली?

लॅपटॉप रडतखडत चालायला लागला, की घरातला किंवा ऑफिसातला कुणीतरी जाणकार एकच उपाय सांगतो: फॉरमॅट मार आणि नवी विंडोज टाक. उपाय चुकीचा नाही. सगळं सुरळीत असेल तर तासाभरात काम उरकतं. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबवले. त्यानंतर तर धडधाकट चालणाऱ्या कित्येक लॅपटॉपांवरही विंडोज ११ टाकण्याची वेळ आली. पंचाईत होते ती हे काम अर्ध्यावर अडलं की. जुनी विंडोज उडालेली, नवी बसलेली नाही, आणि पडद्यावर दोन ओळींचा एक मख्ख संदेश. अशा वेळी बहुतेक जण तो संदेश न वाचताच मशीन बंद करतात आणि पहिल्यापासून सुरुवात करतात. पेनड्राइव्ह बदलतात, बायोसमध्ये शिरून दिसेल ते बदलतात, एखादं पार्टिशन उडवतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर मूळ बिघाड कोणता आणि आपण नव्याने घातलेला कोणता, हेच कळेनासं होतं.

खरं तर विंडोज बसणं ही एकच एक क्रिया नाही. सरकारी कचेरीत फाइल जशी या टेबलावरून त्या टेबलावर जाते, तसं इथे काम हातोहात पुढे सरकतं. मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस पेनड्राइव्ह वाचतो. पेनड्राइव्हवरून एक छोटी, कामापुरती विंडोज रॅममध्ये चढते. ती डिस्क शोधते, तिचे भाग पाडते, फायली उलगडून ठेवते आणि मदरबोर्डला सांगते की आता इथून सुरू हो. मग मशीन रिस्टार्ट होतं आणि पुढचं काम डिस्कवरची नवी विंडोज हाती घेते. फाइल कुठल्या टेबलावर अडकली ते कळलं, की निम्मं काम झालं. म्हणून पहिला नियम असा: संदेश दिसला की मोबाइलने त्याचा फोटो काढा, आणि तो कुठल्या पायरीवर आला हे लक्षात ठेवा.

दुसरा नियम डेटाचा. लॅपटॉप सुरू होत नाही म्हणजे फोटो आणि कागदपत्रं गेलीच, असं समजून लोक घाईने 'डिलीट'वर बोट ठेवतात. डिस्क शाबूत असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरूनच फायली बाहेर काढता येतात. भाषा निवडण्याचा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ-१० एकत्र दाबा. काही लॅपटॉपांवर त्यासोबत एफएन ही कळही दाबावी लागते. काळी खिडकी उघडते. तिच्यात 'नोटपॅड' टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडच्या फाइल मेनूतून 'ओपन' निवडा आणि खालच्या यादीत 'ऑल फाइल्स' करा. ही चौकट म्हणजे जवळपास एक फाइल मॅनेजरच असतो. त्यातून डी ड्राइव्हवरचं फोल्डर उजव्या क्लिकने कॉपी करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतं. किती काम झालं हे दाखवणारी पट्टी बहुतेकदा दिसत नाही, पडदा नुसता थिजल्यासारखा वाटतो, तेव्हा धीर धरावा लागतो. ड्राइव्हची अक्षरंही बदललेली असू शकतात, नेहमीचा सी इथे डी म्हणून भेटतो. नावावर भरवसा न ठेवता आतली फोल्डरं बघून ओळखावं.

आता पायऱ्यांकडे वळू. पेनड्राइव्हवरून मशीन सुरूच होत नाही, ही पहिली तक्रार. तिचं कारण बहुधा पेनड्राइव्ह बनवण्याच्या पद्धतीत असतं. डाउनलोड केलेल्या आयएसओमधल्या फायली सरळ पेनड्राइव्हवर कॉपी करायला जावं, तर एका फाइलपाशी गाडी अडते. 'इन्स्टॉल डॉट विम' ही फाइल हल्ली ४ जीबीपेक्षा मोठी असते. नव्या बायोसला, म्हणजे यूईएफआयला, हमखास वाचता येते ती फॅट जातीची फाइल-सिस्टिम, आणि फॅट-३२मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल तीच सामग्री जास्त दाबून छोटी करतं. रूफस हे मोफत साधन पेनड्राइव्हवर एक चिमुकला फॅट विभाग ठेवून त्यातून मोठा विभाग वाचायची सोय करतं. दोन्ही मार्ग चालतात. दुकानातल्या मित्राकडून आणलेल्या, 'आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेल्या' आयएसओच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्यात कुणी काय भरलंय याचा पत्ता लागत नाही, आणि अडचण आली की ती मूळ विंडोजची की त्या कारागिराची, हेही कळत नाही.

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावापुढे यूईएफआय लावलेला. गेल्या दहाएक वर्षांतल्या लॅपटॉपवर दुसराच निवडायचा. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण पुढच्या एका सुप्रसिद्ध संदेशाचं मूळ इथेच आहे. डिस्क समोर दिसते, तिच्यावर क्लिक केलं की उत्तर येतं की या डिस्कवर एमबीआर पद्धतीची पार्टिशन-नोंद आहे आणि ईएफआय मशीनवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवरच बसते.

हे भांडण समजायला १९८३मध्ये जावं लागतं. आयबीएमच्या पीसी-एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि तिच्यासाठी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत एक सोय केली गेली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या खणात मशीन सुरू करणारा कोड आणि पार्टिशनांची यादी, दोन्ही दाटीवाटीने बसवले. हीच ती एमबीआर. कोडला ४४६ बाइट, यादीला ६४ आणि शेवटच्या २ बाइटांत खूण. ६४ बाइटांत चारच नोंदी मावल्या, म्हणून मुख्य पार्टिशनं चार. प्रत्येक नोंदीत खणांची संख्या ३२ बिटांत लिहायची, त्यामुळे ५१२ बाइटचा खण धरला तर २ टीबीच्या पलीकडचं काही नोंदवताच येत नाही. १० एमबीच्या जमान्यात २ टीबीची फिकीर कोण करणार? इंटेलने ईएफआय, म्हणजे यूईएफआयचं मूळ रूप, आणलं तेव्हा त्यासोबत जीपीटी ही नवी यादी आली. तिच्यात साधारणपणे १२८ पार्टिशनांची जागा असते आणि यादीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी जपलेली असते. विंडोजचा कायदा सरळ आहे. इन्स्टॉलर जुन्या पद्धतीने सुरू झाला असेल तर एमबीआर डिस्क हवी, यूईएफआयमधून सुरू झाला असेल तर जीपीटी. म्हणून डिस्कशी झटापट करण्याआधी, आपण बूट मेनूतून कोणता पेनड्राइव्ह निवडला ते आठवावं. कित्येकदा डिस्क ठीक असते, आपण दार चुकलेले असतो.

डिस्क खरोखरच बदलायची असेल तर काळ्या खिडकीत डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन आणि कन्व्हर्ट जीपीटी ही आज्ञांची साखळी सगळीकडे सांगितली जाते. यातली 'क्लीन' ही आज्ञा कुठलीही खातरजमा न करता अख्ख्या डिस्कची यादी पुसते. आपल्याकडे सी ड्राइव्ह विंडोजसाठी आणि लग्नाचे फोटो, टॅलीचा बॅकअप, मुलांचे प्रोजेक्ट डीमध्ये, अशी वाटणी घरोघरी असते. 'डीला हात लावू नका' असं बजावून लोक लॅपटॉप दुरुस्तीला देतात. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतील तर 'क्लीन'पुढे हे बजावणं निरुपयोगी आहे. अशा वेळी 'एमबीआर-टू-जीपीटी' ही वेगळी आज्ञा वापरावी. ती २०१७च्या विंडोज १०पासून विंडोजमध्येच मिळते आणि डेटा न पुसता यादी बदलते. मात्र डिस्कवरची विंडोज तिला ओळखता यावी लागते आणि मुख्य पार्टिशनं तीनपेक्षा जास्त नसावी लागतात. शिवाय सिलेक्ट डिस्क ० म्हणण्याआधी आकार पाहा. ५१२ जीबीची एसएसडी इथे ४७६ जीबी दिसते, १६ जीबीचा पेनड्राइव्ह १४च्या आसपास. शून्य क्रमांक नेहमी आपल्याच डिस्कचा असतो, असं समजणं महागात पडतं.

यापेक्षा अवघड अडचण म्हणजे डिस्क दिसतच नाही. 'एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेज ड्रायव्हर लोड करा' असा संदेश येतो आणि खालची यादी रिकामी. २०२०नंतर घेतलेल्या इंटेल लॅपटॉपवर हा संदेश बऱ्याचदा भेटतो, आणि त्यापायी चांगल्या चालणाऱ्या एसएसडी खराब ठरवून बदलल्या जातात.

निदान करायला दोन मिनिटं पुरतात. लॅपटॉप बंद करून बायोसमध्ये शिरा. कुठे एफ-२, कुठे एफ-१०, कुठे डिलीट, कंपनीगणिक कळ वेगळी. माहितीच्या पानावर एसएसडीचं मॉडेल आणि क्षमता लिहिलेली असते का ते पाहा. तिथेही नसेल तर एसएसडी खाचेतून ढिली झाली आहे किंवा खरंच गेली आहे. नाव तिथे दिसत असेल आणि फक्त विंडोजच्या यादीत नसेल, तर डिस्क जिवंत आहे, इन्स्टॉलरला तिच्यापर्यंत जायची वाट माहीत नाही.

ही वाट अडवून बसलेल्या सोयीचं नाव व्हीएमडी. मुळात ती सर्व्हरांसाठी होती. एकेका मशीनमध्ये अनेक एनव्हीएमई डिस्का असतात, त्यांची काढघाल आणि रेडची, म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडून वापरण्याची, व्यवस्था एका नियंत्रकामागून व्हावी म्हणून इंटेलने ती प्रोसेसरमध्ये घातली. अकराव्या पिढीपासून ती लॅपटॉपच्या प्रोसेसरांतही आली आणि अनेक कंपन्यांनी ती चालू ठेवूनच लॅपटॉप विकले. व्हीएमडी चालू असली की एसएसडी थेट दिसत नाही, तिच्यापुढे उभा असलेला नियंत्रक दिसतो. त्या नियंत्रकाशी बोलणारा ड्रायव्हर कंपनीने दिलेल्या विंडोजमध्ये आधीच घातलेला असतो, म्हणून नवा लॅपटॉप बिनतक्रार चालतो. मायक्रोसॉफ्टकडून उतरवलेल्या कोऱ्या विंडोजमध्ये तो नसला, की यादी रिकामी. एकच डिस्क असलेल्या घरगुती लॅपटॉपला या सोयीचा नेमका काय उपयोग, असा प्रश्न पडतो, आणि माझ्या मते त्याचं उत्तर 'फारसा नाही' असंच आहे.

यातून सुटण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला, ड्रायव्हर पुरवायचा. लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उतरवा. इथे बहुतेक जण अडतात, कारण मिळते ती एक एक्सई फाइल, आणि ती पेनड्राइव्हवर तशीच टाकली की इन्स्टॉलर म्हणतो काहीच सापडलं नाही. त्याला हव्या असतात आतल्या आयएनएफ, एसवायएस आणि सीएटी फायली. म्हणून दुसऱ्या मशीनवर ती एक्सई उलगडून घ्यावी लागते. इंटेलच्या सेटअप फाइलला काळ्या खिडकीतून 'एक्स्ट्रॅक्ट ड्रायव्हर्स' असा पर्याय देता येतो, त्यातून फोल्डर तयार होतं. ते पेनड्राइव्हवर ठेवा, 'लोड ड्रायव्हर'मधून तिथे जा, आणि यादीत 'इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर' अशी ओळ दिसेल. तिच्यापुढे प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे ९ए०बी किंवा ४६७एफ असा क्रमांक असतो. ती निवडून पुढे गेलात की काही क्षणांत रिकाम्या यादीत डिस्क उमटते.

दुसरा रस्ता, बायोसमध्ये व्हीएमडीच बंद करायची. तो सोपा आहे, पण काही लॅपटॉपांवर तो पर्याय लपवलेला असतो. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत बायोसच्या 'मेन' पानावर कंट्रोल आणि एस दाबल्याशिवाय तो उगवतच नाही. आणि एक इशारा: जुनी विंडोज जपायची असेल तर हा खेळ करू नये. ती विंडोज व्हीएमडीच्या ड्रायव्हरवर उभी असते, व्हीएमडी बंद झाली की निळा पडदा येतो आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' लिहून थांबतो. घाबरायचं कारण नाही, पर्याय पुन्हा चालू केला की ती परत येते.

याच टप्प्यावर बऱ्याच जणांचा टचपॅडही मेलेला असतो. कारण त्याच जातीचं आहे, टचपॅड ज्या जोडणीवर चालतो तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलरजवळ नसतो. साधा यूएसबी माउस लावावा.

'हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही' हा संदेश मात्र नेहमी अंतिम निकाल समजू नये. विंडोज ११ला टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक लागतो, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या बहुतेक लॅपटॉपांत तो प्रोसेसरसोबत येतोच, फक्त कधीकधी बायोसमध्ये बंद असतो. इंटेलकडे त्याचं नाव पीटीटी, एएमडीकडे एफटीपीएम. प्रोसेसरच पात्र यादीत नसेल तर गोष्ट वेगळी.

डिस्क मिळाली, फायली उलगडायला लागल्या, टक्क्यांचा आकडा चढू लागला आणि मध्येच कोड फेकून काम थांबलं, तर कोडपेक्षा आधी आकड्याकडे बघा. दर वेळी त्याच टक्क्याला थांबत असेल तर पेनड्राइव्हवरची एखादी फाइल बिघडलेली असण्याचा संभव जास्त. आयएसओ नीट उतरली का हे तिच्या शा-२५६ या ठशावरून पडताळता येतं. तो ठसा मायक्रोसॉफ्ट डाउनलोडच्या पानावरच देतं. दर वेळी वेगळ्या टक्क्याला कोलमडत असेल तर संशय रॅमवर घ्यावा, मग एसएसडीवर. शेवटी ७०५७० असलेला कोड 'फाइल खराब किंवा वाचता येत नाही' असं सांगतो, पण ती खराब पेनड्राइव्हवर झाली की रॅममधून जाताना, हे तो सांगत नाही. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवून ठेवला की उत्तर मिळतं. लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघणं आणखी झटपट. अधिक खोलात जायची हौस असेल तर इन्स्टॉलर 'पँथर' नावाच्या फोल्डरात आपली सगळी रोजनिशी लिहून ठेवतो, आणि चुकांची वेगळी वहीही. ती मघाचं नोटपॅडच उघडतं.

पहिल्या रिस्टार्टनंतर पुन्हा भाषा निवडण्याचाच पडदा आला, तर काही बिघडलेलं नाही. मशीन पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू झालं आहे, तो काढा आणि रिस्टार्ट करा. पेनड्राइव्ह काढल्यावर 'बूट करण्याजोगं काही सापडलं नाही' असं आलं, तर मात्र शेवटच्या हस्तांतरात गफलत आहे. विंडोज सुरू करणारी फाइल डिस्कवरच्या सुमारे १०० एमबीच्या, नजरेआड असलेल्या ईएफआय विभागात राहते, आणि तिचा पत्ता मदरबोर्डच्या कायमस्वरूपी मेमरीत लिहिला जातो.

इथे आपल्याकडे सर्रास भेटणारा एक घोळ सांगायला हवा. जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवायची आणि मूळची हार्ड डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडी नावाच्या चौकटीत घालायची, ही स्वस्त आणि उत्तम युक्ती आहे. पण हार्ड डिस्क जोडलेली असतानाच एसएसडीवर विंडोज टाकली, तर इन्स्टॉलर हार्ड डिस्कवरचा जुना ईएफआय विभागच वापरू शकतो. विंडोज एसएसडीवर आणि तिची किल्ली हार्ड डिस्कवर. महिनोन्‌महिने काहीच जाणवत नाही. मग जुनी हार्ड डिस्क खराब होते किंवा कुणी ती बाहेर काढतं, आणि नव्याकोऱ्या एसएसडीवरची विंडोज सुरू व्हायला नकार देते. इन्स्टॉल करताना कॅडी बाहेर काढून ठेवली की प्रश्नच मिटतो. झालंच असेल तर एसएसडीवर छोटा ईएफआय विभाग करून 'बीसीडीबूट' या आज्ञेने सुरुवातीच्या फायली तिथे लिहाव्या लागतात.

शेवटचा अडथळा इंटरनेटचा. विंडोज ११ची मांडणी नेटशिवाय पुढे सरकत नाही, आणि वाय-फायचा ड्रायव्हर नेट मिळाल्याशिवाय येत नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच, फोनचा डेटा लॅपटॉपला मिळतो आणि बाकीचे ड्रायव्हर अपडेटमधून उतरतात. प्रॉडक्ट की शोधत बसू नका. विंडोज ८पासून कंपनीने दिलेली की मदरबोर्डच्या चिपमध्येच असते, इन्स्टॉलर ती उचलतो. म्हणूनच होम की प्रो हे न विचारता तो त्या कीप्रमाणेच आवृत्ती बसवतो.

डेस्कटॉप दिसला, तरी एक गोष्ट तपासल्याशिवाय लॅपटॉप घरी नेऊ नये, विशेषतः काम दुकानातून करून घेतलं असेल तर. २०२४च्या अखेरपासूनच्या विंडोज ११मध्ये नव्याने बसवलेल्या बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि ४८ आकडी किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन झालं त्या खात्यात जमा होते. कारागिराने वेळ वाचवायला स्वतःचं खातं टाकलं असेल, तर किल्ली त्याच्याकडे. पुढे कधी बायोस अपडेट झाला किंवा टीपीएम पुसला गेला, की मशीन तेच ४८ आकडे मागतं. तेव्हा सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली डिव्हाइस एन्क्रिप्शन पाहावं. ते आधी बंद करावं, कुलूप पूर्ण उघडू द्यावं, मग स्वतःच्या खात्याने लॉगिन करून पुन्हा चालू करावं. नवी किल्ली तुमच्या खात्यात येते. तिची एक प्रत कागदावर लिहून लॅपटॉपच्या बिलासोबत ठेवावी, लॅपटॉपच्या बॅगेत मात्र नाही.